सागाची प्रत म्हणजे जंगलाची प्रत नव्हे

विदर्भातल्या कुठल्याही वनविभागाची कार्य आयोजना उघडा. कक्षामागून कक्ष एक रकाना दिसतो : साइट क्वालिटी. त्यात रोमन आकडे असतात. तीन, चार-अ, चार-ब. सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा व्यवस्थापन आराखडा करायला बसते तेव्हा हा रकाना बहुतेक वेळा जसाच्या तसा उतरवला जातो आणि खाली एक वाक्य येतं, ‘आमचं जंगल चौथ्या प्रतीचं आहे.’

गफलत या वाक्यात आहे. तो आकडा सागाचा आहे. त्या कक्षात पूर्ण वाढलेले साग किती उंच जातात, एवढंच तो सांगतो. येन, बिजा, धावडा, हळदू, मोह, तेंदू, बांबू यांना ती जमीन कशी मानवते याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. भंडारा-गडचिरोलीकडच्या शेतकऱ्याला ‘तुमचं शेत किती पिकतं?’ असं विचारून पाहा. तो उलट विचारेल, कोणतं पीक? कन्हार मातीत गहू-हरभरा साधतो, सिहार मातीत पाणी असेल तर भात. शेताची प्रत पिकागणिक बदलते हे ज्याला उपजत कळतं, तोच माणूस जंगलाच्या बाबतीत मात्र एका आकड्यावर समाधान मानतो. कारण तो आकडा सरकारी कागदावर छापलेला असतो.

हा लेख अशा आराखड्यावर काम करणाऱ्या समिती सदस्यांसाठी, त्यांच्या मदतीला आलेल्या तरुणांसाठी आणि ज्यांच्या मालकीच्या जमिनीवर मिश्र झाडोरा आहे त्यांच्यासाठी आहे. लागणारं साहित्य फार नाही : मोजपट्टी, क्लिनोमीटर, ग्राफ पेपर, रंगाचा डबा, एक सबल आणि जंगल पायाखाली घातलेली दोन-तीन वयस्क माणसं. शेवटची गोष्ट विकत मिळत नाही आणि तिच्यावाचून बाकीच्या सगळ्या लंगड्या पडतात.

उंचीच का मोजतात?

जमीन एखाद्या झाडाला किती देते, हे त्या झाडाच्या उंचीवरून ओळखायचं ही वनशास्त्रातली जुनी रीत. जर्मनीत आयशहॉर्नने १९०२ साली बाडेनमधल्या सिल्व्हर फरच्या मोजण्यांवरून दाखवलं की, झाडोऱ्याची उंची सारखी असेल तर त्यातलं उभं लाकूडही जवळपास सारखंच असतं. ती उंची गाठायला एका ठिकाणी तीस वर्षं लागली आणि दुसरीकडे साठ, तरी. म्हणजे ठरावीक वयाला उंची किती, हे कळलं की जमिनीची ताकद कळली. गोलाईवरून असं ठरवता येत नाही. झाडं दाट असली की गोलाई मार खाते, विरळ असली की फुगते. वरच्या थरातल्या जोमदार झाडांच्या उंचीवर दाटीचा परिणाम त्या मानाने कमी होतो.

आपल्याकडे लॉरी आणि बक्षी संत राम यांनी १९४० साली भारत आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या रोपवनांसाठी उत्पादन-तक्ते केले ते याच तत्त्वावर. पन्नासाव्या वर्षी वरच्या झाडांची उंची किती, त्यावरून प्रत. ‘वरची झाडं’ म्हणजे भारतीय रीतीप्रमाणे हेक्टरी सर्वांत जाड अडीचशे.

हे सगळं गृहीत धरतं की झाडं एका वयाची आहेत, एका जातीची आहेत आणि आज जी वर आहेत ती जन्मभर वरच होती. मिश्र पानझडी जंगलात यातलं काहीच खरं नसतं. सागाचं रोपटं वणव्यात जळतं, पावसाळ्यात मुळाशी पुन्हा फुटतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतं. असं कित्येक वर्षं चालून एखाद्या साली ते आगीच्या वर निसटतं. मग त्याचं वय काय धरायचं, मुळाचं की खोडाचं? कुपात तोडलेल्या खुंटावर आलेला फुटवा पहिली काही वर्षं बियाण्यावरच्या झाडाला मागे टाकतो आणि पुढे त्याचा जोम ओसरतो. बिजाचं एखादं झाड तीस वर्षं येनाच्या सावलीत थांबून राहतं आणि येन पडल्यावर उसळी घेतं. त्याच्या वयावरून जमिनीला नापास करणं म्हणजे जमिनीवर अन्याय.

शिवाय वय समजणार कसं? सागाची वर्षवर्तुळं स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ठाणे भागातल्या सागाच्या वर्तुळांवरून पावसाचा माग काढला, त्याचा निबंध १९८३ साली आला. शिवण आणि तुणीची वर्तुळंही वाचता येतात. धावड्याची वाचता येत नाहीत आणि येनाच्या वर्तुळांवर भरवसा ठेवू नये. म्हणजे निम्म्याहून अधिक जातींसाठी ‘वय आणि उंची’ हा मार्गच बंद.

आधी जमीन वाटून घ्या

मोजणीला हात घालण्याआधी जंगलाचे पट्टे पाडा. कक्षाच्या सीमा यासाठी निरुपयोगी आहेत. त्या नाल्यावरून, रस्त्यावरून, कधी नकाशावरच्या सोयीने आखलेल्या असतात आणि एकाच कक्षात टेकडीचा माथाही येतो, नाल्याची कडही. माथा, वरचा उतार, खालचा उतार, सपाटी, नाल्याकाठ असे पाच पट्टे बहुतेक गावांना पुरतात. दक्षिण उतार उत्तरेपेक्षा लवकर तापतो आणि लवकर सुकतो, त्यामुळे टेकडी मोठी असेल तर उत्तर-दक्षिण वेगळे धरा. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा किंवा इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळ समोर ठेवून, गावातल्या जाणत्यांबरोबर एकदा चालून हे पट्टे पक्के करा.

प्रत्येक पट्ट्यात माती किती खोल आहे ते पाहा. खड्डे खणण्याआधी आयते खड्डे शोधा : वनतळ्याची कड, सलग समतल चर, रस्त्यासाठी कापलेली दरड, विहिरीचं तोंड. माती कुठे संपते आणि मुरूम किंवा खडक कुठे लागतो, बारीक मुळं कुठवर गेलीत, हे तिथे उघड दिसतं. मातीत राखाडी आणि तांबूस ठिपके मिसळलेले दिसले तर तिथे पावसाळ्यात पाणी साचून राहतं असं समजा. ही एक खूण सागासाठी प्रयोगशाळेच्या चार आकड्यांपेक्षा मोलाची आहे, कारण साग दुष्काळ सोसतो पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. त्याला निचऱ्याची, चुन्याचा अंश असलेली, फारशी आम्ल नसलेली जमीन लागते. मेळघाटात काळा पाषाण, गडचिरोलीच्या मोठ्या भागात ग्रॅनाइट-नाइस, चंद्रपूरकडे कुठे वालुकाश्म. खालचा खडक बदलला की त्यावरची माती बदलते. म्हणून मेळघाटातल्या धारणीच्या जंगलातला सागाचा आकडा गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या जंगलाला लावू नका. पाऊसमानही वेगळं, खडकही वेगळा.

झाडं आपण होऊन काय सांगतात

मोजपट्टी काढण्याआधी निम्मं उत्तर डोळ्यांनी मिळतं. फिनलंडच्या कायांडरने १९०९ मध्ये जमिनीलगतच्या वनस्पतींवरून जंगलाचे प्रकार पाडण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे ट्रूपने १९२१ मध्ये तीन खंडांत भारतीय वृक्षांची जी माहिती लिहिली, तीही कोणतं झाड कुठल्या मातीत रमतं याने भरलेली आहे. यातलं बरंचसं गावाला ठाऊकच असतं, फक्त कुणी कागदावर उतरवलेलं नसतं.

सालई आणि कुलूचं पांढरं खोड दिसलं की पाऊल खडकावर आहे हे समजा. तिथे साग आलाच तर ठेंगणा राहील, पण सालईला तीच जागा बरी. भेरा आणि गराडी दाटून आलेली असतील तर माती उथळ, निकस किंवा फार तुडवलेली. निव्वळ पळसाचं बन म्हणजे बहुधा जड चिकणमाती आणि साचणारं पाणी. येनाला जड माती चालते. सखल, ओलसर जागी जिथे साग रडतो तिथे येन सरळसोट उभा राहतो. हळदू चांगल्या वाढीचे दिसले, नाल्याकाठी अर्जुन आणि कटांग बांबू असला, तर माती खोल आणि ओलावा टिकणारा. मानवेल बांबू मात्र इतक्या ठिकाणी येतो की त्याच्या असण्यावरून काही ठरवू नये. त्याच्या काठ्यांची उंची आणि जाडी पाहावी.

गवतांवर जास्त भिस्त ठेवू नका. कुसळी गवत माजलेलं असेल तर ते जमिनीपेक्षा आग आणि चराईबद्दल अधिक बोलत असतं. घाणेरी आणि तरोट्याचंही तेच.

मोजणी : उंचीला गोलाईशी बांधा

वय ठाऊक नाही, तर वयाऐवजी गोलाईचा आधार घ्यायचा. ठरावीक गोलाईचं, मोकळ्या माथ्याचं झाड किती उंच आहे, यावरून जमिनीची तुलना करायची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या सायप्रस पाइनच्या जंगलांसाठी व्हॅनक्ले आणि हेन्री यांनी १९८८ मध्ये ही पद्धत वापरली, कारण तिथेही झाडं नाना वयांची होती. कल्पना सोपी आहे : चांगल्या जमिनीवर ९० सेंटिमीटर गोलाईचा साग उंच असतो, वाईट जमिनीवर तितक्याच गोलाईचा साग बुटका आणि जाड दिसतो.

प्रत्येक पट्ट्यात, प्रत्येक महत्त्वाच्या जातीची आठ-दहा झाडं निवडा. महत्त्वाच्या म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्हाला पुढे निर्णय घ्यायचा आहे. पंचवीस जातींच्या मागे लागाल तर एकीचंही नीट होणार नाही. निवडलेल्या झाडाचा माथा वरून उघडा हवा, शेंडा शाबूत हवा, खोड पोकळ नको, आणि ते फुटव्याचं आहे की बियाण्यावरचं हे वहीत लिहिलेलं हवं. गोलाई ६० ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान पसरलेली असेल असं पाहा. सगळी एकाच जाडीची झाडं घेतलीत तर रेषा काढता येणार नाही.

गोलाई जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायची, उतारावर झाडाच्या वरच्या अंगाने. उंचीसाठी झाडापासून २० मीटर आडवं अंतर धरा, क्लिनोमीटरमधून शेंडा आणि बुंधा टक्क्यांत वाचा. शेंडा ७५ टक्के वर आणि बुंधा ५ टक्के खाली असेल तर बेरीज ८०, आणि २० मीटरचे ८० टक्के म्हणजे झाड १६ मीटर. अंतर उतारालगत मोजलं तर फसगत होते. तीस अंशांच्या उतारावर मोजपट्टीने धरलेले २० मीटर आडवे जेमतेम सव्वासतरा भरतात. मोजणीसाठी पानगळीचा काळ उत्तम, कारण भर पावसाळ्यात सागाचा शेंडा पानांच्या गर्दीत दिसतच नाही आणि प्रत्येक जण आपापला शेंडा ठरवतो.

मग ग्राफ पेपर घ्या. आडव्या रेषेवर गोलाई, उभ्या रेषेवर उंची. एका जातीचे, एका पट्ट्याचे ठिपके मांडा, त्यांच्या मधोमध हाताने गुळगुळीत रेषा ओढा आणि सागासाठी ९० सेंटिमीटरवर, धावड्यासारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडासाठी ६० वर उंची वाचा. मिळालेली उंची हीच त्या पट्ट्यात त्या जातीची खूण. समजा खालच्या उतारावर साग १८ मीटर, माथ्यावर ११, सपाटीच्या चिकणमातीवर १२ आला. आणि येन खालच्या उतारावर १७, माथ्यावर १०, पण चिकणमातीवर १६. आता दोन जातींचे क्रम कुठे फिरले ते डोळ्यांसमोर येतं. माथा दोघांनाही वाईट. चिकणमाती सागाला वाईट, येनाला उत्तम. कार्य आयोजनेतला सागाचा आकडा या सपाटीला चौथ्या प्रतीत टाकून मोकळा झाला असता.

या पद्धतीला एक खोट आहे. दाट जंगलात झाडं प्रकाशाकडे धावताना सडपातळ होतात. त्यामुळे त्याच गोलाईला उंची जास्त दिसते आणि जमीन आहे त्यापेक्षा चांगली वाटते. तोडून तोडून विरळ झालेल्या जंगलात उलटं. म्हणून प्रत्येक ठिपक्याजवळ झाडोरा दाट, मध्यम की विरळ हे लिहा आणि दाटाची तुलना दाटाशी, विरळाची विरळाशीच करा.

कोणती झाडं वगळायची

आपल्या जंगलात माणसाचा हात न लागलेलं झाड शोधावं लागतं. मोह फुलांसाठी राखलेला असतो. त्याच्याभोवतीची जागा साफ असते, फांद्या पसरलेल्या, उंची कमी. हा ठेंगणेपणा जमिनीचा दोष नाही. मोहाची उत्पादकता लाकडात मोजणंच मुळात चुकीचं. दर झाडामागे वाळलेली फुलं किती किलो, हे तीन-चार हंगाम नोंदवा. फूल एखाद्या वर्षी दगा देतं, म्हणून एका हंगामावर जाऊ नका. टसरच्या किड्यांसाठी ज्या येनांच्या फांद्या सतत छाटल्या जातात ते येन वगळा. डिंकासाठी खाचा पाडलेले धावडे आणि कुलू वगळा. तेंदूची झुडपं पानांसाठी दरवर्षी छाटली जातात, त्यांच्यावरून तेंदूच्या झाडाबद्दल काही समजत नाही. पानाच्या पुड्यांचा हिशेब हाच तेंदूचा खरा आकडा आणि तो बहुतेक ग्रामसभांकडे तयारच असतो.

लोकांना सगळ्यात अवघड जातं ते उभं लाकूड आणि जमिनीची ताकद यांत फरक करणं. गावालगतचा पट्टा उघडा-बोडका असतो म्हणून तो ‘खराब’ ठरतो. पण अनेकदा तो नाल्याकाठचा, खोल मातीचा पट्टा असतो आणि चांगला होता म्हणूनच आधी तोडला गेला. अशा जागी उरलेली पाच-सहा जुनी झाडं, पडलेले खुंट आणि मातीची खोली यांना विचारा. वनविभागाकडे कक्षाचा इतिहास असतो : कूप कधी पडला, आग कधी लागली, विरळणी झाली का. तो मागून घ्या. मोठी तोड झाली त्या वर्षानंतरचे सगळे फुटवे एका वयाचे, ही माहिती फार कामाची. निदान त्या झाडांचं वय तरी नक्की होतं.

वाढीचा वेग

उंचीने जमिनींचा क्रम लागतो. वर्षाला किती वाढ, हे त्याने कळत नाही आणि आराखड्यात शेवटी तोच प्रश्न असतो.

सागासाठी सोपं आहे. वाऱ्याने पडलेलं किंवा अलीकडे तोडलेलं झाड गाठा आणि सालीच्या आतून मध्याकडे तीन सेंटिमीटरमध्ये किती वर्तुळं येतात ती मोजा. चार बाजूंनी मोजून सरासरी घ्या, कारण खोड क्वचितच पूर्ण गोल असतं. समजा वीस वर्तुळं आली. वीस वर्षांत त्रिज्या तीन सेंटिमीटर वाढली, म्हणजे गोलाई सुमारे १९ सेंटिमीटर. वर्षाला एक सेंटिमीटरलाही थोडी कमीच. या वेगाने ६० ची गोलाई ९० व्हायला साधारण बत्तीस वर्षं लागतील. हे काम बुंध्याशी नव्हे तर छातीच्या उंचीवर झालेल्या कापावर करा, बुंधा फसवतो. एका गोलाईतून पुढच्या गोलाईत जायला लागणारी ही वर्षं, हीच हिशेबाची किल्ली. १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या जंगलांचा ताबा घेतल्यावर ब्रँडिसने सागाचं वय न विचारता गोलाईचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गात झाडं किती आणि एका वर्गातून दुसऱ्यात जायला काळ किती एवढ्यावर तोडीचं प्रमाण ठरवलं. दीडशे वर्षांहून जुनी ही युक्ती वय न समजणाऱ्या जंगलासाठी आजही चालते.

ज्या झाडांची वर्तुळं वाचता येत नाहीत त्यांना वाट पाहण्यावाचून इलाज नाही. प्रत्येक पट्ट्यात दोन तरी कायमचे नमुना प्लॉट टाका, ०.१ हेक्टरचे. चौकोनी असेल तर बाजू ३१.६ मीटर, गोल असेल तर त्रिज्या १७.८ मीटर, दोन्ही आडवी मोजायची. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि १.३७ मीटरवर रंगाचा पट्टा ओढा. पुढची मोजणी त्या पट्ट्यावरच व्हायला हवी, चार बोटं वर-खाली झाली तरी वाढीचा आकडा चुकतो. महिनाही तोच ठेवा. पावसाळ्यात खोड पाण्याने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फेब्रुवारीत सुरू केलंत तर फेब्रुवारीतच परत या. खिळे ठोकून पत्रे लावायचे असतील तर पट्ट्यापासून हातभर वर लावा.

एका झाडावरून दुसऱ्याचा अंदाज

एखाद्या पट्ट्यात बिजा आठवेल तेवढ्या वर्षांपासून दिसलाच नाही. तिथे तो लावायचा की नाही? ज्या ज्या ठिकाणी साग आणि बिजा शेजारी उभे आहेत तिथल्या दोन्हींच्या खुणा एका ग्राफवर मांडा. पंधरा-वीस ठिकाणं झाली की एक रेषा उमटते आणि सागाच्या खुणेवरून बिजाची उंची अदमासे काढता येते. जगभर वनतज्ज्ञ हेच करतात, फक्त त्याला गणिताचा पोशाख चढवून.

पण ही रेषा जिथून काढली त्याच्या बाहेर नेऊ नका. निचऱ्याच्या जमिनीवर सागावरून येनाचा अंदाज बरोबर येतो. तीच रेषा पाणी साचणाऱ्या सपाटीवर नेली की ती येनालाही कमी गुण देते, कारण तिला येनाची आणि सागाची वाट तिथे वेगळी होते हे माहीत नसतं. ज्या मातीत एक जात सुखी आणि दुसरी दुःखी असते, तिथे आकडेमोडीपेक्षा खड्डा खणून पाहणं बरं.

मिश्रणाची बेरीज

समजा एखाद्या पट्ट्यात निव्वळ सागाची वाढ इतकी आणि निव्वळ येनाची तितकी असं अंदाजाने काढलं. जंगल निम्मं-निम्मं आहे म्हणून दोन्हींची सरासरी घ्यायची का? आधी ‘निम्मं’ म्हणजे काय ते ठरवा. झाडांची संख्या मोजून वाटा काढू नका. ९० सेंटिमीटरचा एक साग ६० च्या सव्वादोन सागांइतकी खोडाची जागा व्यापतो. मीटरमधल्या गोलाईचा वर्ग करून १२.५७ ने भागा, म्हणजे त्या खोडाच्या कापाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळेल. ९० साठी ते ०.०६४ येतं. प्रत्येक जातीची अशी बेरीज करून एकूणात तिचा वाटा काढा. वरच्या झाडांची निवडही या वाट्याने करावी. ०.१ हेक्टरच्या प्लॉटमध्ये सागाचा वाटा चाळीस टक्के असेल तर सर्वांत जाड पंचवीसपैकी दहाच साग घ्या, बाकी जागा इतरांच्या. नाहीतर जिथे साग थोडेच आहेत तिथे बारकी, दबलेली झाडंही ‘वरची’ म्हणून मोजली जातील आणि प्रत घसरेल.

आणि सरासरी खरी ठरेल याची खात्री नाहीच. जर्मनीत हान्स प्रेट्श यांनी दीर्घकालीन प्रायोगिक प्लॉटांच्या आधारे दाखवलं की मिश्र झाडोरा पुष्कळदा निव्वळ झाडोऱ्यांच्या सरासरीपेक्षा जास्त लाकूड देतो, पण किती आणि कधी हे जातींच्या जोडीवर आणि जागेवर अवलंबून असतं. आपल्याकडे बिजा, शिसम, पळस ही शेंगावर्गीय झाडं मुळांच्या गाठींतून नत्र धरतात, खोल मुळांची आणि उथळ मुळांची झाडं पाणी वेगवेगळ्या थरांतून घेतात, त्यामुळे तसं घडायला जागा आहे. उलट दाट बांबूखाली सागाची रोपं गुदमरतात. म्हणून आराखड्यात सरासरीचा आकडा लिहा, त्याच्यापुढे ‘अंदाजे’ लिहा आणि कायमच्या प्लॉटांमधून खरा आकडा येईपर्यंत त्याहून कमीच तोड धरा. लाकडाचं घनमान काढण्यासाठी भारतीय वन सर्वेक्षणाने १९९६ मध्ये जातवार सूत्रं प्रसिद्ध केली आहेत, ती वापरा. येनाला सागाचं सूत्र लावू नका.

बांबूचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. त्याला गोलाईचे वर्ग नाहीत, बेट आहे. प्रत्येक पट्ट्यातली काही बेटं ठरवून दर हंगामानंतर नवे कोंब किती आले, त्यातले जगले किती, हे मोजा. सामूहिक फुलोरा आलेल्या वर्षानंतरचे आकडे आधीच्या आकड्यांत मिसळू नका.

सरतेशेवटी आराखड्यात तक्ता कसा घालायचा? उभ्या रकान्यांत पट्टे, आडव्या ओळींत जाती. घरात तीन गोष्टी : ठरलेल्या गोलाईला उंची, वाढीचा वेग कळला असेल तर तो, आणि किती झाडांवरून काढलं ती संख्या. दोनच झाडांवरून आलेला आकडा दहा झाडांच्या आकड्यासारखा दिसू नये म्हणून ही संख्या लिहायचीच. जिथे काहीच मोजलं नाही ते घर कोरं ठेवा. वनविभागाचा अधिकारी किंवा एखादी संस्था ‘एकच आकडा द्या’ म्हणेल तेव्हा सागाच्या ओळीखाली येनाची ओळ दाखवा आणि विचारा, यातल्या कोणत्या झाडाचा?